स्वाक्षरी झाली, संमती झाली काय?

पेट्रोल पंपावर इंधन भरताना अथवा एखाद्या मॉलच्या दारात सहज म्हणून भरून दिलेल्या चिठ्ठीतून आपले नाव भाग्यवान विजेत्यांत निघाले आहे, तरी बक्षीस स्वीकारण्यास येत्या रविवारी पतिपत्नी उभयतांनी अमुक हॉटेलात उपस्थित राहावे, असा दूरध्वनी पुण्या-मुंबईच्या आणि नाशिक-नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत आजवर इतक्यांदा येऊन गेला आहे की त्याची मोहिनी केव्हाच ओसरायला हवी होती. पण ती ओसरलेली नाही, आणि त्या रविवारच्या दोन तासांत सुट्टीच्या सभासदत्वाच्या लाख-दीड लाखांच्या करारनाम्यावर सही करून सोमवारी सकाळी कपाळाला हात लावणारी माणसे आपल्या ओळखीपाळखीत कोठे ना कोठे सापडतातच. ही माणसे अडाणी नसतात. बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, शाळेच्या मुख्याध्यापिका, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी तरुण जोडपी असाच हा वर्ग असतो. आणि नेमके म्हणूनच, आपण फसलो हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा पैसे बुडाले असे समजून मुकाट बसणे त्यांना अधिक सोयीचे वाटते. सही केली म्हणजे सारे संपले, अशी त्यांची समजूत झालेली असते. ती समजूत कायद्याला धरून नाही, आणि ती जितकी लवकर टाकून द्यावी तितके पैसे परत मिळण्याची शक्यता अधिक, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

त्या हॉटेलातल्या दालनात काय घडते ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण पुढे कायद्याची जी भाषा येईल तिचा सारा आधार त्या दोन तासांत आहे. उभयतांनीच यावे हा आग्रह आतिथ्यापोटी नसतो. "घरी विचारून सांगतो" ही सबब कोणालाच उरू नये, यासाठी तो असतो. एकेका टेबलाशी एकेक जोडपे आणि त्यांच्यासमोर एक गोडबोला तरुण अशी मांडणी असते. पहिला अर्धा तास मुलांच्या शाळेविषयी, मागच्या सहलीविषयी, ती सहल केवढ्याला पडली याविषयी जिव्हाळ्याच्या गप्पांत जातो, आणि मग तो तरुण एक कोरा कागद ओढून त्यावर हिशेब मांडू लागतो. हॉटेलचे आजचे भाडे, दरसालची वाढ, पंचवीस वर्षांतील मुक्काम, अशी बेरीज करीत तो पंधरा-वीस लाखांचा आकडा काढतो, त्याखाली दुहेरी रेघ ओढतो, आणि रेघेखाली सभासदत्वाची रक्कम लिहितो, जी अर्थातच त्या आकड्यापुढे किरकोळ दिसते. मधूनच शेजारच्या टेबलावर टाळ्या वाजतात, कोणा नव्या सभासदाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. मग कोणी वरिष्ठ येऊन ही किंमत केवळ आजच्या दिवसापुरती आहे असे सांगतो, कार्ड यंत्रातून फिरते, आणि त्यानंतर, म्हणजे पैसे गेल्यानंतर, बारीक टाइपातला वीस पानी इंग्रजी करारनामा समोर येऊन "येथे, येथे आणि येथे" अशा सह्या घेतल्या जातात. हिशेबाचा तो कागद मात्र तरुण स्वतःजवळ ठेवून घेतो. तुम्ही मागून पाहा, देत नाहीत.

घरी आल्यावर दस्तऐवज वाचला म्हणजे तोंडी बोली आणि लेखी मजकूर यांतील तफावत ध्यानात येऊ लागते. वर्षातून केव्हाही जा, असे सांगितलेले असते; कागदावर आरक्षण "उपलब्धतेच्या अधीन" असून दिवाळी, नाताळ आणि मे महिना वगळलेला असतो. दुसरा कोणताही खर्च नाही, असे सांगितलेले असते. कागदावर वार्षिक देखभाल-शुल्क असते, ते तुम्ही सहलीला जा अगर घरी बसा, भरावेच लागते आणि कंपनी ते वाढवूही शकते. नको असेल तर केव्हाही विकून टाका, असे सांगितलेले असते. कागदावर भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, असे कलम असते. आणि या साऱ्यावर कळस म्हणजे, प्रतिनिधीने दिलेली कोणतीही तोंडी आश्वासने कंपनीवर बंधनकारक नाहीत, असे एक वाक्य शेवटच्या पानावर, तुमच्या सहीच्या दोन बोटे वर, छापलेले असते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सुट्टीतील निवासाचा हक्क आठवड्यांच्या हिशेबाने वाटून घेण्याची कल्पना मुळात लबाडीची नव्हे; युरोपात 1960 च्या दशकात ती उदयाला आली, आपल्याकडे 1980 च्या दशकात रुजली, आणि नियमाने प्रवास करणारी, आरक्षण महिनोन्महिने आधी करणारी कितीतरी कुटुंबे तिच्यावर संतुष्ट आहेत. आपला रोख आहे तो ज्यांनी खोटे सांगून सही मिळवली त्यांच्यावर.

अशा सहीविषयी भारतीय करार अधिनियम काय म्हणतो? हा अधिनियम 1872 सालचा. त्याच्या 10 व्या कलमाप्रमाणे करार होण्यास उभय पक्षांची स्वतंत्र संमती लागते; आणि 14 व्या कलमाप्रमाणे दडपशाहीने, अनुचित प्रभावाने, कपटाने किंवा चुकीच्या कथनाने मिळवलेली संमती स्वतंत्र समजली जात नाही. यांपैकी दडपशाहीने, कपटाने किंवा चुकीच्या कथनाने संमती घेतलेला करार, 19 व्या कलमानुसार, जिची संमती अशा रीतीने घेतली गेली त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो. या वाक्यातील "इच्छेनुसार" या शब्दांवर सारे अवलंबून आहे. करार आपोआप मरत नाही. तुम्ही तो रद्द करीपर्यंत तो जिवंतच असतो, हप्ते मागत असतो, देखभाल-शुल्काची बिले पाठवीत असतो. रद्द करण्याचा अधिकार तुमचा, आणि तो बजावण्याची जबाबदारीही तुमचीच.

यावर कंपनीचा ठरलेला जबाब असा असतो की, कागद तुमच्यासमोर होता, तुम्ही सुशिक्षित आहात, वाचला का नाही? हा जबाब अगदीच बिनबुडाचा नाही, कारण त्याच 19 व्या कलमाला एक अपवाद जोडलेला आहे: ज्याला साधारण दक्षतेने सत्य कळू शकले असते, त्याला केवळ दुसऱ्याच्या चुकीच्या कथनामुळे अथवा मौनामुळे करार मोडता येत नाही. परंतु हा अपवाद निष्पापपणे केलेल्या चुकीच्या कथनाला आणि कपटी मौनाला लागू आहे. जाणूनबुजून सांगितलेल्या उघड असत्याला तो लागू नाही. म्हणून तक्रारीत "आम्हांला अटी नीट समजावल्या नाहीत" एवढेच लिहिणारा ग्राहक आपली बाजू स्वतःच लंगडी करतो. "अमुक प्रतिनिधीने अमुक गोष्ट सांगितली, ती त्या वेळी असत्य होती आणि असत्य आहे हे त्याला ठाऊक होते" असे लिहिणारा भक्कम पायावर उभा राहतो. तोंडी आश्वासने बंधनकारक नाहीत हे छापील वाक्यही कपटाला संरक्षण देऊ शकत नाही; लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही हा पुराव्याच्या कायद्यातील सर्वसाधारण नियम असला तरी, कपट सिद्ध करण्यासाठी असा पुरावा देण्याची मुभा त्याच कायद्याने फार पूर्वीपासून ठेवलेली आहे.

तेव्हा पहिले काम पत्राचे. दूरध्वनी करून, ग्राहक-सेवा केंद्रातल्या मुलीशी वाद घालून, शाखेत खेटे घालून करार रद्द होत नाही. आणि तुम्ही हे करीत असता ती मंडळी तुम्हांला पुढच्या मोसमात बघू, सभासदत्व वरच्या श्रेणीत बदलून देऊ, दोन रात्री जादा देऊ, असे म्हणत महिने ढकलीत असतात. ही वरची श्रेणी म्हणजे आणखी पैसे आणि आणखी एक सही, हे सांगावयास नकोच. पत्र साधे असावे. दिनांक, स्थळ, सभासद क्रमांक आणि भरलेली रक्कम लिहून पुढे असा मजकूर असावा: "आपल्या प्रतिनिधींनी उपरोक्त दिवशी आम्हांस असे सांगितले की, वर्षातील कोणत्याही सप्ताहात निवास मिळेल व देखभाल-शुल्क नाही. हे कथन असत्य असल्याचे आम्हांस करारनाम्याच्या वाचनानंतर समजले. सबब भारतीय करार अधिनियमाच्या कलम 19 अन्वये आम्ही सदर करार या पत्राने रद्द करीत आहोत. यापुढे आम्ही कोणतीही रक्कम देणे लागत नाही. भरलेली रक्कम 30 दिवसांच्या आत परत करावी." पत्रावर करारात ज्यांच्या ज्यांच्या सह्या असतील त्या सर्वांनी सह्या कराव्यात, ते ई-मेलने पाठवावे आणि शिवाय कंपनीच्या नोंदणीकृत कचेरीच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. (आपल्या वडिलांच्या पिढीचा विश्वासू रजिस्टर 2025 साली स्पीड पोस्टातच विलीन झाला आहे.) करारनाम्यात रद्द करण्याची काही मुदत दिली असेल, आणि काही कंपन्या आपल्या नियमांत दहाएक दिवस देतातही, तर त्या मुदतीचा हवाला स्वतंत्रपणे द्यावा, कारण मुदतीच्या आत कपट सिद्ध करण्याचेही प्रयोजन उरत नाही.

पत्राइतकीच महत्त्वाची, आणि बहुतेकांच्या हातून निसटणारी, बाब म्हणजे भेटवस्तूंची. त्या रविवारी दोन रात्रींचे कूपन, एखादा भांड्यांचा संच, सभासदत्वाची चामडी पिशवी असे काहीबाही हाती पडलेले असते. करार मोडणाऱ्याने कराराखाली मिळालेला लाभ परत केला पाहिजे, असा 64 व्या कलमाचा दंडक आहे. तेव्हा ते सारे परत करावे, किंवा परत नेण्यास पत्रात कळवावे. फसवणूक उमगल्यानंतर "निदान हे कूपन तरी वसूल करू" म्हणून लोणावळ्याला दोन दिवस जाऊन येणारा गृहस्थ आपण करार मान्य केल्याचा पुरावा स्वतःच्या सहीनिशी हॉटेलच्या नोंदवहीत ठेवून येतो.

पैशाचा मार्ग कोणता होता त्यावर पुढची पावले ठरतात. क्रेडिट कार्डाने भरणा केला असेल तर बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध लेखी हरकत ताबडतोब नोंदवावी. कार्डाच्या यंत्रणेत रक्कम उलट वळवून घेण्याची सोय आहे, परंतु तिच्या मुदती काही महिन्यांच्याच असतात, आणि बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. खात्यातून हप्ते परस्पर वळते होण्याची संमती दिली असेल तर ती मागे घेण्याचा अर्ज बँकेला द्यावा. पुढील तारखांचे धनादेश दिले असतील तर मात्र सावधगिरी हवी: भरणा थांबवला तरी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या 138 व्या कलमाची फिर्याद होऊ शकते, म्हणून धनादेश थांबवण्यापूर्वी कंपनीला रद्द केल्याचे पत्र गेलेले असावे, आणि तिची मागणीची नोटीस आली तर 15 दिवसांची मुदत टळण्यापूर्वी सविस्तर उत्तर जावे, कारण कायदेशीर देणेच अस्तित्वात नव्हते हा तुमचा बचाव त्या पत्राच्या तारखेवर उभा राहणार असतो. सर्वांत अवघड प्रसंग कर्जाचा. त्या दालनातच भ्रमणध्वनीवर चार अंक सांगायला लावून एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज तुमच्या नावे काढलेले असते, आणि ती संस्था म्हणते की तुमचा आणि कंपनीचा तंटा आम्हांला ठाऊक नाही. अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठराविक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाविना बाहेर पडण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. ती मुदत कर्जाच्या मुख्य माहिती-पत्रकात लिहिलेली असते आणि ती फार थोडी असते. मुदत टळून गेली असेल तर हप्ते थांबवून आपली पत बिघडवण्यापेक्षा वित्तसंस्थेलाही लेखी कळवून, तिला तक्रारीत सामनेवाले करणे अधिक शहाणपणाचे.

पत्राला उत्तर आले नाही, अथवा "रक्कम परत न करण्याचे आमचे धोरण आहे" असे ठोकळेबाज उत्तर आले, म्हणजे ग्राहक आयोगाची पायरी चढावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019, ज्याने 1986 च्या कायद्याची जागा घेतली, त्यात पूर्वी नसलेली एक मोठी सोय आहे: तक्रारदार जेथे राहतो अथवा नोकरी-धंदा करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल होऊ शकते. म्हणजे सामनेवाल्यांची कचेरी दिल्लीत असो की गुरुग्रामला, साताऱ्याच्या ग्राहकाने साताऱ्यातच दाद मागावी. वाद लवादाकडेच नेला पाहिजे असे करारात लिहिले असले तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एम्मार एमजीएफच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. आणि बिल्डरने ग्राहकाच्या माथी मारलेल्या एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असा जो निर्णय त्याच न्यायालयाने 2019 च्या एप्रिलमध्ये पायोनियर अर्बनच्या खटल्यात दिला, त्याचा आधार येथेही घेता येतो. दिलेल्या मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. सामनेवाल्यांनी आपली कैफियत 30 दिवसांत, फार तर आणखी 15 दिवसांत दिली पाहिजे; या 45 दिवसांपलीकडे मुदतवाढ देण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 च्या मार्चमध्ये ठरवून टाकले आहे. तक्रारीत "अनुचित व्यापारी प्रथा" आणि "सेवेतील त्रुटी" हे दोन्ही मुद्दे घ्यावेत. करारातील अट मुळातच अन्याय्य म्हणून शून्य ठरवून घ्यावयाची असेल तर तो अधिकार राज्य आयोगाचा आहे. पण दीड लाखाच्या वसुलीसाठी जिल्ह्याची वाट सोडून मुंबईची धरण्याचे सहसा कारण पडत नाही. कायद्याने अपेक्षिलेल्या तीन महिन्यांत निकाल लागतो असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांनी आयोगाची दालने पाहिली आहेत ते हसतील. तक्रार दाखल करण्यापूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहण्यास हरकत नाही, कारण किती तरी कंपन्या आयोगाच्या नोटिशीपूर्वीच, प्रकरण वाढू नये म्हणून, तडजोडीला येतात. तडजोडीच्या कागदावर सही करताना तरी तो आधी घरी आणून वाचावा.

तक्रार करून दमलेल्या माणसाला मग एक नवाच दूरध्वनी येतो: तुमचे सभासदत्व विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, अडीच लाख देतो आहे, तुम्ही फक्त जीएसटीचे वीस हजार आधी भरा. एकदा फसलेल्यांच्या याद्या बाजारात फिरत असतात, हाच त्याचा अर्थ. पैसे परत मिळवण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला काहीही देऊ नये. दिले गेलेच तर तत्काळ 1930 या सायबर-फसवणुकीच्या क्रमांकावर कळवावे.

या धंद्याची एक निराळी आणि अधिक भयंकर जात महाराष्ट्राने पाहिली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील मुक्कामाच्या रात्री विकण्याच्या नावाखाली, त्या रात्री न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल अशा योजनांतून, 51 लाखांहून अधिक लोकांकडून 7,000 कोटी रुपयांवर पैसा गोळा केला. ही सहल नसून विनापरवाना चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे ठरवून 2016 च्या फेब्रुवारीत सेबीने पैसे परत करण्याचा हुकूम दिला, आणि 2017 साली अपिलातही तो कायम राहिला. पुढे मालमत्तांच्या जप्त्या झाल्या, लिलाव पुकारले गेले, तरी एजंटाच्या शब्दावर पेन्शनीतले पैसे गुंतवलेल्या गावोगावच्या माणसांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबत गेली. ज्या सभासदत्वात सहलीपेक्षा परताव्याचीच बोली अधिक असते त्याची तक्रार ग्राहक आयोगाबरोबर सेबीकडे आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडेही गेली पाहिजे. तेथे एकेकट्याच्या पत्राने फारसे निभत नाही.

आता राहिला कायद्यातील उणिवेचा प्रश्न. वर सांगितलेला सारा खटाटोप ग्राहकाला करावा लागतो याचे कारण, सही केल्यानंतर काही दिवस शांतपणे विचार करून, कोणतेही कारण न देता करार मोडण्याचा हक्क या व्यवहारात आपल्या कायद्याने दिलेला नाही. युरोपीय समुदायाने तो 1994 सालीच किमान 10 दिवसांचा दिला, 2008 च्या निर्देशाने 14 दिवसांचा केला, आणि त्या अवधीत ग्राहकाकडून एक पैसाही घेण्यास मनाई केली. त्या दालनातले ते कार्डाचे यंत्रच त्या एका मनाईने निरुपयोगी झाले. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे संरक्षण आहे, ठाण्यात राहणाऱ्या त्याच्या भावाला नाही. आणि तत्त्व आपल्याला अपरिचित आहे असेही नाही: विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करण्याचा हक्क आपल्या विमा नियामकाने दिलेलाच आहे. ई-कॉमर्ससाठी 2020 साली आणि थेट विक्रीसाठी 2021 साली केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली स्वतंत्र नियम केले. सुट्टीच्या सभासदत्वासाठीही 14 दिवसांची मुदत आणि त्या मुदतीत पैसे घेण्यास बंदी, एवढे दोन नियम, लागल्यास अधिनियमात दुरुस्ती करून, त्याच सरकारने करावेत. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेल्या आणि मुंबईत त्यापुढच्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ग्राहक पंचायतींनी ही मागणी हाती घ्यावी, आणि ज्या वाचकांच्या कपाटात असा एखादा करारनामा लाजेपोटी दडवलेला असेल त्यांनी तो बाहेर काढून, त्यावरील तारीख पाहून, आजच पत्र लिहावे.